बाहेरून आणलेला कॉर्नर

आमच्या मंडळाच्या वहीत २०१९च्या फेब्रुवारीत एक नोंद आहे : 'बाहेरील खेळाडू मानधन – रु. १०,०००'. आधीच्या पानांवर अशी नोंद कुठेच नाही. नारळ, हार, मैदानाचा चुना, हॅलोजनचं भाडं, चहा-वडापाव, सगळं सापडतं. खेळाडूंवरचा खर्च म्हणजे फार तर सुजलेल्या गुडघ्यावर मारायचा स्प्रे.

त्या दहा हजारांतले सात हजार एका रेडरचे. तो अलिबागकडून आला होता. उरलेले तीन हजार एका डाव्या कॉर्नरचे. गाडीला अडीच हजार, नव्या जर्सींना ४,२००, प्रवेश फी पाचशे. एकूण १७,२००. स्पर्धा महाडजवळ, संध्याकाळी सुरू होऊन पहाटे संपणारी. पहिलं बक्षीस रोख २१ हजार आणि कमरेएवढा चषक. आम्ही जिंकलो. त्या पानाच्या तळाशी खजिनदाराने लाल पेनाने 'शिल्लक ३,८००' लिहून खाली दोन रेघा ओढल्यात. पोलादपूर तालुक्यातलं आमचं गाव म्हणजे चार वाड्या, एक शाळा आणि पावसाळ्यात रुसणारा एक रस्ता. आमचा संघ त्याआधी नऊ वर्षं दुसऱ्या फेरीच्या पुढे गेला नव्हता.

मग पैसे वसूल झाले का? वही म्हणते, झाले. माझं अजून ठरत नाही. म्हणून हा लेख.

आधी मोठ्या लोकांचं बघू, कारण त्यांचे हिशोब जगजाहीर आहेत. प्रो कबड्डी लीग २०१४ला सुरू झाली, तेव्हा पहिल्या लिलावातला सगळ्यात महाग खेळाडू राकेश कुमार १२ लाख ८० हजारांना गेला होता. आज तेवढ्यात कुणी मान वर करून बघणार नाही. २०१९ला आपल्या चंदगडचा सिद्धार्थ देसाई १ कोटी ४५ लाखांना तेलुगू टायटन्सकडे गेला. त्याच्या आदल्या मोसमात यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांत घेतलं होतं आणि त्याने गुणांचा पाऊस पाडला होता. टायटन्सकडेही तो चांगलाच खेळला. तरी टायटन्स बारा संघांत अकरावे आले.

२०२२ला तमिळ थलाइवाजने पवन सेहरावतवर २ कोटी २६ लाख लावले. पहिल्याच सामन्यात पवनचा गुडघा गेला आणि मोसम संपला. आणि त्याच मोसमात थलाइवाज इतिहासात पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोहोचले! त्यांना तिथवर नेणारा नरेंदर हा नवखा पोरगा, कोटीच्या जवळपासही नसलेला. पुढच्या लिलावात टायटन्सने पवनसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. एका संघाला सगळ्या खेळाडूंवर मिळून पाच कोटीच खर्चता येत होते, त्यातले निम्म्याहून जास्त एका माणसावर. पवन त्या मोसमातही आघाडीच्या चढाईपटूंत होता. टायटन्स मात्र २२ सामन्यांत दोनच जिंकले आणि तळाला गेले.

उलट पाटणा पायरेट्सने २०२१ला त्यांचा जीव की प्राण असलेल्या परदीप नरवालला सोडलं. यूपी योद्धाने त्याला १ कोटी ६५ लाखांना उचललं. त्या मोसमात पाटणा गुणतक्त्यात पहिलं आलं आणि अंतिम सामना एका गुणाने हरलं.

असं का होतं, हे कबड्डी खेळलेल्याला लगेच कळेल. या बाबतीत कबड्डी हा क्रिकेटपेक्षा निर्दय खेळ आहे. रेडर पकडला गेला की बाहेर जाऊन बसतो, आणि आपल्या कुणीतरी गुण आणल्याशिवाय तो आत येत नाही. म्हणजे अडीच कोटींचा माणूस रेषेबाहेर पाय दुमडून बसलेला असतो आणि त्याला जिवंत करायचं काम वीस लाखांच्या पोराकडे असतं. त्या पोराने पाय धरला, तर कोटी पुन्हा मैदानात. नाही धरला, तर कोटी प्रेक्षक. विकत घेणारे हा नियम विसरतात असं नाही. पण लिलावात हातातली पाटी वर असते तेव्हा माणूस उरलेल्या सहा जणांचा विचार करत नसतो.

लिलावाचा आणखी एक स्वभाव आहे. १९७१मध्ये अमेरिकेतल्या एका तेल कंपनीच्या तीन इंजिनिअरांनी तो मांडला. समुद्राखालच्या तेलाच्या पट्ट्यांवर कंपन्या बोली लावायच्या. खाली किती तेल आहे ते कुणालाच नक्की माहीत नसायचं, सगळ्यांचे अंदाज. बोली कोण जिंकणार? ज्याचा अंदाज सगळ्यांत फुगलेला तो. म्हणजे जिंकलास, याचाच अर्थ बहुतेक जास्त मोजलेस. याला पुढे 'विजेत्याचा शाप' असं नाव पडलं.

हे वाचून 'पैसा लावणं मूर्खपणा आहे' असं म्हणायचा मोह होतो. पण लेख लिहायला सोपी जाणारी उदाहरणं तेवढी घेऊन चालत नाही. २०२३च्या त्याच लिलावात, जिथे टायटन्सने पवनला घेतलं, पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शाडलूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले. शाडलूने ९९ पकडींचे गुण आणले आणि पुणेरी पलटण पहिल्यांदा विजेती झाली. पुढच्या लिलावात हरयाणा स्टीलर्सने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं आणि तेही पहिल्यांदा विजेते झाले. आता काय म्हणाल?

मी एवढंच म्हणेन की पुण्याकडे अस्लम इनामदारसारखी पोरं आधीपासून होती, एकत्र वाढलेली, त्यातली काही अकादमीतून आलेली. भिंत उभी होती, शाडलू तिच्यावरचा शेवटचा चिरा ठरला. टायटन्सकडे चिरा होता, भिंत नव्हती. पॅरिसच्या फुटबॉल क्लबचंही तेच. २०१७ला नेमारसाठी २२ कोटी २० लाख युरो मोजले, मग मेस्सी आणला, एम्बाप्पे होताच. ज्या युरोपियन चषकासाठी हे सगळं केलं, तो मिळाला २०२५ला, तिघेही निघून गेल्यावर.

पण मालक लोक एवढे भोळे नसतात. मला वाटतं, ते बऱ्याचदा वेगळंच काही विकत घेतात. आमच्याकडे पूजेला देवासमोरच्या नारळाचा लिलाव होतो. बाजारात तीस-चाळीस रुपयांचा नारळ मुंबईकर पाच हजारांपर्यंत नेतात. पाच हजारांना नारळ घेणाऱ्याला नारळाचा भाव माहीत नसतो असं कुणी म्हणेल का? त्याला स्पीकरवरून आपलं नाव ऐकायचं असतं, आणि ते ऐकताना चुलतभावाचा चेहरा बघायचा असतो. पैसे देवळाच्या पत्र्याला लागतात, सगळे खूश. कोटीचा रेडर हा थोडासा तसा नारळ आहे. त्याचं नाव घेतल्याबरोबर संघाचं नाव वाजतं. फरक इतकाच की नारळाला आपली किंमत कळत नाही, घरी नेऊन फोडला तरी त्याचं काही म्हणणं नसतं. माणसाला सगळं कळतं. आणि बाकावर बसलेल्या दुसऱ्या माणसालाही.

इथून मी परत आमच्या गावात येतो.

तीन हजार देऊन आणलेला डावा कॉर्नर ज्याच्या जागी खेळला, तो माझा आतेभाऊ. नऊ वर्षं ती जागा त्याची होती. महाडच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून सकाळी न झोपता सरावाला यायचा. दुसऱ्या फेरीत हरणाऱ्या संघाचा कॉर्नर होणं ही काय मोठी गोष्ट? पण मैदान आखायचा, माती चाळायचा, पाणी मारायचा तोच. त्या दिवशी टेम्पोत बसेपर्यंत त्याला कुणी काही सांगितलं नाही. मैदानावर जर्सी वाटताना त्याच्या हातात बारा नंबर आला. त्याने तो घातला, सगळ्या सामन्यांत बाहेर बसला, टाळ्या वाजवल्या. चषक घेऊन काढलेल्या फोटोत तो आहे, उजवीकडे, अर्धा कापलेला. पुढच्या सरावाला आला नाही. माती कोण चाळणार यावरून दोन महिने भांडणं झाली आणि मग सरावच बंद पडला. तो खर्च वहीत कुठल्या रकान्यात लिहायचा, मला माहीत नाही.

इथपर्यंतची गोष्ट मी अनेकांना सांगितली आहे आणि सगळे माना डोलावतात. पैशाने खेळ नासला, बाहेरची माणसं आणली की गावपण जातं. आता रायगडात क्रिकेटच्या कित्येक स्पर्धांच्या बॅनरवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं : 'एक गाव एक संघ, आधार कार्ड बंधनकारक'. ते वाचून मलाही बरं वाटायचं. आपली पोरं, आपला संघ.

फक्त एक गोष्ट मी सांगताना गाळत आलोय. तो 'बाहेरचा' कॉर्नर कुठला होता?

तो आमच्याच गावचा होता. ओढ्यापलीकडच्या बौद्धवाडीतला. आमच्या वाडीतल्या शेवटच्या घरापासून त्याच्या घरापर्यंत मी नंतर एकदा पावलं मोजली, सहाशे भरली. आम्ही एकाच शाळेत होतो, तो माझ्या मागे दोन वर्षं. एकच ग्रामपंचायत, एकच रेशन दुकान. तो खेडकडच्या एका संघातून खेळायचा, कारण आमच्या मंडळाने त्याला कधी बोलावलं नव्हतं. बोलवायचं नाही असा ठरावही कधी झाला नव्हता. ठराव लागतच नाही अशा गोष्टींना. मंडळ वाडीचं, वाडी भावकीची, विषय संपला. त्याला बोलवायला एकच शब्द आमच्याकडे शिल्लक होता, 'बाहेरचा खेळाडू', आणि तो शब्द वापरायचा तर पाकीट द्यावं लागतं. अलिबागच्या रेडरला सात हजार, याला तीन. का, ते कुणी विचारलं नाही.

अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईला त्याने एकट्याने घोटा धरला. आम्ही दोन गुणांनी जिंकलो. रेडर 'पब्लिक हिरो' ठरला, पण चषक या पोराने आणला. पहाटे कॅप्टनच्या अंगणात कोंबडीचं जेवण होतं. त्याने पाकीट मैदानावरच घेतलं, बाइकला किक मारली. त्याला जेवायला थांब असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही. मला सुचलं नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे सुचलं होतं, आणि अंगणात काय होईल याचाही अंदाज आला होता.

आता सांगा, पैशाने काय नासलं? पैशाने माझ्या आतेभावाची जागा घेतली, हे खरं. पण जे नऊ वर्षांत आपलेपणाने केलं नाही, ते तीन हजारांनी एका रात्रीत केलं. सहाशे पावलांवरच्या मुलाच्या अंगावर गावाची जर्सी चढली. जिंकायची हाव ही काही थोर भावना नाही, पण तिला जातीपेक्षा घोटा जास्त दिसतो.

हे नवीन नाही. पळवणकर बाळू १८९०च्या दशकात पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर खेळपट्टी सांभाळायचे आणि साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकायचे. चांभार समाजातला माणूस, डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून त्यांनी बाळूंना संघात घेतलं. मैदानावर तोच चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरायचा. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. पुढे १९०६ला हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांना हरवलं, त्यात ते होते. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना शेवटपर्यंत मिळालं नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळालं, १९२३ला.

बाळूंना संघात घेणं फायद्याचं ठरलं का? विजयांच्या हिशोबात, भरपूर. पण त्यांच्या बाजूने हा प्रश्न विचारला की उत्तर दुहेरी येतं. गरजेपुरतं दार उघडलं गेलं, हे अपमानास्पदच. आणि तरी ते उघडलं म्हणून एका पिढीला बाळू दिसले. बाबासाहेबांनाही तरुणपणी त्यांचं मोठं कौतुक होतं. दार कोणत्या हेतूने उघडलं यावर आत येणाऱ्याने नाक मुरडावं असा सल्ला मी तरी देणार नाही. उघडणाऱ्याने मात्र त्याला औदार्य म्हणू नये.

मी महाडला कॉलेजला होतो. एसटीतून उतरून चवदार तळ्यावरून कैक वेळा गेलोय, काठावर बसून वडापाव खाल्लाय. तळं सगळ्यांना खुलं असल्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ला झाला होता, हे मला बरंच उशिरा कळलं. कागदावर तळं सगळ्यांचं झालं. पाण्याला हात लागायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि तो हात लागल्यावर लोकांना मार खावा लागला. 'आपलं' या शब्दाचं या तालुक्यात असं आहे. तो कागदावर फार लवकर येतो.

२२ जुलै २०२१. महाडात पाणी शिरलं, तळियेवर दरड आली, आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत माणसं गेली. आमच्या गावचा रस्ता दोन ठिकाणी तुटला, वीज नव्हती, नेटवर्क मधूनच यायचं. त्या रात्री गावात कामाला आला तो मंडळाचा कबड्डीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. कुणाकडे बॅटरी आहे, कुणाकडे दोर, म्हाताऱ्यांना शाळेत कोण आणणार, सगळं त्यावर ठरलं. ज्या संघाने नऊ वर्षांत काही जिंकलं नाही, त्याने त्या रात्री चाळीस माणसं डोंगराखालून हलवली. संघ कशासाठी असतो याचं मला मिळालेलं सगळ्यात पक्कं उत्तर ते आहे, आणि त्यात चषक कुठेच नाही.

पण तो कॉर्नर त्या ग्रुपमध्ये नव्हता. एका रात्रीसाठी आणलेला माणूस ग्रुपमध्ये कशाला असेल? ओढ्याला पाणी आलेलं, त्यांच्या वाडीत शाळेचा निरोप पोहोचला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. सुदैवाने तिकडे काही झालं नाही. 'सुदैवाने' हा शब्द मी हलकेच लिहितोय, कारण त्यात आमचं कर्तृत्व शून्य आहे.

२०२०च्या हंगामाला मंडळाने त्याला पुन्हा विचारलं होतं. खेडचा संघ पाच हजार देतोय, म्हणाला. आमच्याकडे बैठकीत लगेच सूर निघाला, पैशाला हपापलाय. मला हसू आलं होतं. पहिल्यांदा किंमत आम्ही लावली. त्याने फक्त ती दुरुस्त केली. गावाचं म्हणून फुकट खेळ, असं आम्ही त्याला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

परवा दिवाळीत आतेभावाशी बोललो. मी त्याच्यावतीने कढ काढायला लागलो, तसं त्याने थांबवलं. "दादा, तो माझ्यापेक्षा भारी आहे, हे मला तेव्हाही दिसत होतं. मला टेम्पोत बसायच्या आधी सांगायला हवं होतं, एवढंच." मग थोडा वेळ मोबाइल चाळत बसला आणि म्हणाला, "आणि त्याला जेवायला थांबवायला हवं होतं. तो माझ्याच पाळीला आहे आता. डबा एकत्रच खातो आम्ही."

हे मला माहीत नव्हतं. मी एवढी वर्षं दोघांच्या वतीने रागावत होतो, आणि ते दोघे रोज रात्री एक वाजता कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भाकरी वाटून घेत होते.

येत्या रविवारी मंडळाची बैठक आहे. यंदा आपल्याच गावात स्पर्धा भरवायची आणि नियम कडक ठेवायचा असं मुंबई मंडळाचं म्हणणं आहे. भाड्याचे खेळाडू बंद. बॅनरचा मजकूर ग्रुपवर आलाय : 'एक गाव एक संघ. आधार कार्ड बंधनकारक.' खाली चाळीस अंगठे.

मी आतेभावाला म्हटलं, मला त्याच्या आधार कार्डाचा फोटो मागून दे. त्याने रात्रपाळीवरून पाठवला. मी माझं कार्ड काढून शेजारी ठेवलं. वाडीचं नाव कुणाच्याच कार्डावर नाही. मुक्काम तोच, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड, पिन कोडही तोच. दोन्ही कार्डांचा एकत्र फोटो काढून ठेवलाय. बैठकीच्या आधी ग्रुपवर टाकायचा की बैठकीत उठून दाखवायचा, ते रविवारपर्यंत ठरवायचंय. त्याला ग्रुपमध्ये घ्यायचं मात्र आज सकाळीच केलं. आतापर्यंत तिघे ग्रुप सोडून गेलेत.